ड्रिपला ॲसिड सोडताना मामांच्या डोळ्यात उडालं. पातळ करायची नीट रीत सांगा

मळ्यातला_निफाड

नमस्कार मंडळी. नेहमी वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आमच्या मामांची निफाड तालुक्यात तीन एकर थॉमसन द्राक्षबाग आहे. विहिरीचं पाणी जड. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि उन्हाळ्यात शेवटच्या ओळींना पाणीच पोचत नाही. म्हणून दरवर्षी उन्हाळ्यातल्या खरड छाटणीच्या सुमाराला लॅटरलमध्ये, म्हणजे ड्रिपच्या ओळीतल्या बारीक नळ्यांत, ॲसिड सोडतात. ३५ लिटरचा एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक ॲसिडचा) कॅन आणायचा, बादलीत ओतायचं, वर पाणी घालायचं, व्हेंचुरीची (पाण्याच्या जोराने ॲसिड लाइनमध्ये ओढते ती) नळी सोडायची. वडिलांच्या वेळेपासून हेच चाललंय.

मागच्या गुरुवारी मोटरच्या खोलीत मामा एकटेच होते. मी बाहेर फिल्टर धूत होतो. त्यांनी भरलेला कॅन मांडीवर टेकवून बादलीत तिरपा केला. भरलेल्या कॅनमधून धार सरळ येत नाही, भक् भक् करून गचके देत येते. त्यातच बादलीतून हिरवट-पिवळा वाफारा वर आला आणि मामा खोकत मागे सरकले. हाताला हिसका बसला तसा कॅनचा एक गचका थेट गालावर आणि उजव्या डोळ्यात.

मामी धावत आली. तिने काही विचारलं नाही. मोटर चालू करून पाइपाचं तोंड मामांच्या चेहऱ्यावर धरलं आणि मामा ओरडत होते तरी सोडलं नाही. दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला. डोळा वाचला. छातीत जळजळ होती म्हणून रात्रभर ठेवून घेतलं.

घरी आल्यावर उलगडा झाला. आदल्या दिवशी शेवाळ मारायला ब्लीचिंग पावडरचं पाणी सोडलं होतं, ते त्याच बादलीत कालवलेलं. तळाशी चार बोटं उरलं होतं.

मी बीकॉम झालेला माणूस. "पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही" हे दहावीला पाठ केलं होतं, पण का ते कधी नीट कळलं नाही. पुढच्या आठवड्यात उरलेल्या दोन प्लॉटला सोडायचंच आहे आणि या वेळी मी सोडणार आहे. ज्यांच्या हाताखालून हे रोज जातं त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

निवृत्त_शिक्षिका_नाशिकरोड

बाळा, मामींना माझा नमस्कार सांग. त्या मिनिटाला त्यांनी जे केलं त्याहून चांगलं डॉक्टरलाही करता आलं नसतं.

मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. तुझ्या "का"चं उत्तर देते.

संहत गंधकाम्ल, म्हणजे बाजारात सल्फ्युरिक म्हणून मिळतं ते ९८ टक्क्यांचं, पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन-दोन पट जड असतं. नेमकं सांगायचं तर घनता १.८४. त्यावर तू पाणी ओतलंस तर पाणी खाली जात नाही, वर तरंगतं. दोन्ही जिथे भेटतात त्या पातळ थरात प्रचंड उष्णता निघते. पाणी उकळायला १०० अंश पुरतात, तेवढी तिथे क्षणात तयार होते. मग त्या थरातलं पाणी वाफ होऊन फुटतं आणि जाताना शेजारचं आम्ल घेऊन उडतं. फोडणीच्या कडकडीत तेलात ओला हात झटकला तर काय होतं ते आठव. इथे तेलाच्या जागी आम्ल.

उलट केलंस, म्हणजे भरपूर पाण्यात थोडं आम्ल घातलंस, तर ते जड असल्याने आपोआप खाली जातं, जाता जाता मिसळतं आणि निघालेली उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. उष्णता कमी होत नाही हं. तेवढीच निघते, फक्त तिला पसरायला जागा मिळते.

मुलांना मी आकडा करून दाखवायचे. ९०० मिलि पाण्यात १०० मिलि संहत गंधकाम्ल अगदी सावकाश, काचेच्या कांडीवरून, ढवळत घालायचं. पाण्यात थर्मामीटर ठेवलेला. तीस अंशांच्या आसपास तापमान वर चढायचं, म्हणजे खोलीतलं पाणी साठीला पोचायचं. मग चंचुपात्राला बाहेरून हात लावायला सांगायचे. वर्गातली सगळी मुलं एकेक करून लावायची आणि चटकन हात मागे घ्यायची. त्या स्पर्शानंतर नियम पाठ करायला लागत नसे.

कांडीवरून का? धार भांड्याच्या भिंतीलगत, बारीक आणि न उडता जाते म्हणून. आणि मध्ये मध्ये थांबायचं. घाई झाली की तीस अंश एका कोपऱ्यात साठ होतात.

आणखी एक. "तीव्र" आणि "संहत" यांची गल्लत करू नकोस. तीव्र म्हणजे पाण्यात पूर्ण विचरण होणारं, म्हणजे ज्याचे आयन पूर्ण सुटे होतात ते. एचसीएल पातळ केलं तरी तीव्रच राहतं. संहत म्हणजे पाणी कमी, आम्ल जास्त. "पातळ केलंय, आता काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांच्याच डोळ्यात ते जातं.

ओझरकर

मॅडमचं बरोबर असेल, पण मी पंधरा वर्षं ड्रिपला एचसीएल सोडतोय. कधी आधी ॲसिड ओतलं, कधी आधी पाणी. काहीच उडालं नाही. दादा, तुमच्या मामांना झालं ते ब्लीचिंगमुळे झालं. उगाच भीती घालू नका, नाहीतर लोक ड्रिप साफ करणंच सोडतील आणि मग बाग वाळेल.

निवृत्त_शिक्षिका_नाशिकरोड

ओझरकर भाऊ, तुमचा अनुभव खोटा नाही. बाजारातलं एचसीएल साधारण ३५ टक्क्यांचं असतं. म्हणजे त्यात आधीच दोन तृतीयांश पाणी आहे. त्यामुळे त्यात पाणी घातल्यावर गंधकाम्लाइतकी उष्णता निघत नाही. तुमचं उडालं नाही त्याचं कारण हे.

पण मागच्या दोन वर्षांत काही दुकानदार "हे स्वस्त पडतं, कमी लागतं" म्हणून ड्रिपसाठी सल्फ्युरिक देतात, हे मला माझ्याच माजी विद्यार्थ्यांनी सांगितलं आहे. कॅन तोच पांढरा, झाकण तेच. तुमचा हात पंधरा वर्षांच्या सवयीने आधी ॲसिड ओतेल आणि वर पाणी. त्या दिवशी काय होईल? हाताला एकच सवय लावा, जी दोन्ही आम्लांना चालेल.

ओझरकर

हे मात्र पटलं मॅडम. आमच्या गावात एकाकडे सल्फ्युरिक आलंय. आजच त्याला फोन करतो.

वॉर्डातली_सिस्टर

मी इथल्याच एका रुग्णालयात अपघात विभागात काम करते. डोळ्यात, अंगावर ॲसिड गेलेले पेशंट येतात त्यातल्या निम्म्या गोष्टी घरीच बिघडलेल्या असतात. म्हणून लिहिते.

पाणी. फक्त पाणी, वाहतं, लगेच, आणि किमान २० मिनिटं. घड्याळ लावून. दोन मिनिटांनी जळजळ कमी झाली की लोक थांबतात, तिथेच चुकतं. डोळा असेल तर बोटांनी दोन्ही पापण्या ताणून उघड्या धरा. माणूस डोळा घट्ट मिटून घेतो, मग पाणी पापणीवरून जातं आणि आम्ल आत राहतं. डोकं त्या बाजूला कलतं ठेवा, म्हणजे वाहिलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. लेन्स असेल तर धुता धुता काढा.

कपडे काढा. लाजू नका. भिजलेली बनियन अंगावर ठेवून धुतलं तर आम्ल कापडात बसून राहतं. ती डोक्यावरून ओढू नका, चेहऱ्याला लागेल. कात्रीने कापा.

हळद, टूथपेस्ट, दूध, तूप, लिंबू, खायचा सोडा, काही लावू नका. "सोड्याने ॲसिड मरतं" हे फरशीला खरं आहे, कातडीला नाही. मरताना ते उष्णता सोडतं आणि तेवढ्या वेळात धुणं राहतं.

कोणी चुकून प्यायलं तर उलटी करवू नका. जाताना जे जाळलं ते येताना पुन्हा जळतं. तोंड खळखळून धुवा, १०८ ला फोन लावा आणि बाटलीचा किंवा लेबलचा फोटो सोबत आणा. नुसतं "ॲसिड होतं" याने डॉक्टरांना पुढचं ठरवता येत नाही.

वाफ नाकात गेली असेल तर माणूस तासाभरात बरा वाटू लागतो. क्लोरीन आणि नायट्रिकचा तपकिरी धूर यांत फुप्फुसात पाणी भरायला काही तास लागू शकतात, कधी दुसरा दिवस उजाडतो. मामांना रात्रभर ठेवलं ते याचसाठी.

बागायतदारांना एक जास्तीची विनंती. बोर्डोसाठी (मोरचूद-चुन्याच्या फवारणीसाठी) चुना कालवताना पण गॉगल घाला. चुना डोळ्यात गेला तर बऱ्याचदा ॲसिडपेक्षा खोल जातो, आणि त्याला कोणी ॲसिड म्हणत नाही म्हणून कोणी घाबरत नाही.

मळ्यातला_निफाड

सिस्टर, मामीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, मी तर नुसती घाबरून पाइप धरला होता.

एक शंका. फवारणीच्या ब्लोअरची टाकी जवळ भरलेली उभी होती. तिचं पाणी घेतलं असतं तर?

वॉर्डातली_सिस्टर

नको. त्या टाकीत औषधाचा अंश असतोच. विहिरीचं, नळाचं, पिण्याच्या माठातलं, काहीही चालेल. जिथे ॲसिड हाताळणार तिथून दहा पावलांत स्वच्छ पाण्याचा २०० लिटरचा ड्रम आणि पाणी ओतायला एक मग ठेवून द्या. कॅनचं झाकण उघडण्याआधी.

सातपूर_प्लेटिंग

सातपूरला प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, लाइनवर २२ वर्षं झाली, आता सुपरवायझर आहे. बऱ्याच गोष्टी वर आल्या. आमच्याकडच्या काही सांगतो, कारण त्या पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाहीत.

पहिली कॅनची. एप्रिलच्या उन्हात एचसीएलचा कॅन टेम्पोतून येतो तेव्हा आत गॅस दाटलेला असतो. झाकण एकदम उघडलं की फस् करून तोंडावर येतो. आम्ही कॅन उतरवून सावलीत ठेवतो, संध्याकाळी झाकण पाव वळसा फिरवतो, तोंड बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून नव्हे, वारा एका बाजूने येईल असं उभं राहून. आवाज थांबला की मग पूर्ण उघडतो.

दुसरी गचक्यांची. मामांचा कॅन गचके देत होता कारण आत हवा जायला वाट नव्हती. भरलेला कॅन कधीच हाताने उचलून ओतायचा नाही. प्लॅस्टिकचा हातपंप मिळतो, पिचकारीसारखा दाबायचा, तो वापरा. कॅन जमिनीवर, ओतणारा भांड्याच्या वर वाकलेला नाही. आणि नळी तोंडाने ओढून सायफन करणारे अजून आहेत. आमच्या लाइनवर एक पोरगा असा होता. बोलायला त्रास होतो त्याला आजही.

तिसरी, तुमची ब्लीचिंगची गोष्ट आमच्याकडे वेगळ्या नावाने आहे. झिंकच्या जुन्या बाथमध्ये सायनाइड असतं आणि पिकलिंगच्या (धातूवरचा गंज काढायच्या) टाकीत ॲसिड. दोन्हींचं धुण्याचं पाणी एका गटारात आलं तर हायड्रोजन सायनाइड तयार होतो. त्यात खोकायलाही वेळ मिळत नाही. म्हणून दोन्ही लाइनींमध्ये भिंत, दोन्हींच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या, आणि निळी बादली लाल बाजूला दिसली तर तो माणूस त्या दिवशी घरी. कडक वाटेल, पण तुमच्या बादलीत चार बोटं पाणीच उरलं होतं ना?

हातमोजे. दवाखान्यात घालतात ते पातळ निळे संहत सल्फ्युरिकला काही मिनिटंसुद्धा नीट धरत नाहीत. कोपरापर्यंतचे जाड पीव्हीसी किंवा निओप्रीनचे घ्या. घालण्याआधी आत हवा भरून पिळून बघा, भोक असेल तर कळतं. पँट बुटाच्या वरून, बुटात खोचलेली नको, नाहीतर सांडलेलं सरळ बुटात उतरतं. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, बाजूने उघडा असतो.

मी नवा होतो तेव्हा सल्फ्युरिकचे दोन थेंब जीन्सवर उडाले. ओलं दिसलं, भाजलं नाही, म्हणून सोडून दिलं. घरी बायकोने धुतली आणि दोरीवर टाकताना मांडीवर पाच रुपयाच्या नाण्याएवढी भोकं. कापूस तसाच दिसत होता, आतून जळून गेलेला. ती जीन्स अजून लॉकरमध्ये टांगली आहे. नव्या पोरांना पहिल्या दिवशी तीच दाखवतो.

नायट्रिक सांडलं तर भुसा टाकू नका, पेट घेतो. वाळू किंवा माती, मग धुण्याचा सोडा थोडा थोडा, फसफस थांबेपर्यंत. आणि गटारात सोडू नका. सातपूर-अंबडचं पाणी नंदिनीतून गोदावरीला जातं. बाहेर सोडायच्या सांडपाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) ५.५ ते ९ मध्ये असावा हा नियम आहे. आम्ही रोज पट्टीवर बघून वहीत लिहितो.

स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लुओरिक असतं. त्याबद्दल इथे कोणी प्रयोग करू नका, एवढंच.

वॉर्डातली_सिस्टर

सातपूरकर दादा, शेवटच्या ओळीत भर घालते. हायड्रोफ्लुओरिकने सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही, डागही दिसत नाही, आणि आतून कॅल्शियम खेचलं जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तुमच्याकडे ती पेस्ट असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल प्रथमोपचाराच्या पेटीत हवंच. धुवायचं, जेल चोळत राहायचं आणि डाग छोटा असला तरी दवाखाना.

कॉलेजरोडची_आई

माझा शेतीशी संबंध नाही, पण ब्लीचिंगचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या सोसायटीत फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला एक माणूस ॲसिड आणायचा. पाण्याच्या जुन्या बाटलीत, लेबल नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात विसरून गेला. माझा मुलगा सहा वर्षांचा. मी संध्याकाळी बघितली, झाकण उघडलं तर नाकात झणका आला. तेव्हापासून लेबल नसलेली कुठलीही बाटली घरात दिसली की आधी हातात घेऊन बघते.

टॉयलेट क्लीनर आणि कपड्यांचं ब्लीच एकत्र केलं तरी तोच गॅस ना? आमची मदतनीस ताई "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं" म्हणायची.

निवृत्त_शिक्षिका_नाशिकरोड

हो ताई, तोच. क्लोरीन. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा एचसीएलच असतं, ब्लीचमध्ये हायपोक्लोराइट. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, म्हणून खाली साठतो. बंद बाथरूममध्ये खाली बसून घासणाऱ्या बाईच्या तोंडाशी. ताईंना नीट बसवून समजावून सांगा, त्यांच्या इतर घरांतही उपयोग होईल. वास आला तर बाहेर पडायचं, जमल्यास वरच्या मजल्याकडे. मामांच्या मोटरच्या खोलीला वर जाळी आणि खाली दार आहे का बघ रे बाळा. नसेल तर आत कालवूच नकोस.

सिडको_बॅटरी

बॅटरीचं दुकान आहे. पूर्वी आम्ही ॲसिड स्वतः बनवायचो. मापाने एक भाग संहत सल्फ्युरिक, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, घनता मोजायच्या हायड्रोमीटरवर १.२८ च्या आसपास येतं. मॅडमने शंभर मिलिला तीस अंश सांगितले. एकास तीनला तापमान कितीतरी जास्त चढतं, एका दमात ओतलं तर पाणी उकळीला टेकतं. आमच्या वडिलांनी एकदा साध्या बादलीत केलं, बादलीचा तळ मऊ होऊन पोटासारखा बाहेर आला. नशीब, खाली शहाबादी फरशीचा हौद होता. त्यानंतर बाहेर थंड पाण्याचा टब, आत जाड भांडं, आणि दर पावशेरामागे चहा पिऊन यायचं एवढी विश्रांती. आता तयारच आणतो.

घरच्या इन्व्हर्टरमध्ये फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. "पॉवर वाढेल" म्हणून ॲसिड घालणारे येतात, प्लेटी खाऊन टाकतं.

मळ्यातला_निफाड

सगळ्यांचे खूप आभार. आता मोजमापाचं. मामा "अंदाजे एक तांब्या" घालायचे. किती घालायचं हे ठरवायचं कसं? जास्त झालं तर मुळांना लागेल, कमी झालं तर थर निघणार नाही.

दिंडोरी_वायनरी_लॅब

हे माझं रोजचं काम आहे, फक्त आम्ही द्राक्षाच्या रसावर करतो. तुम्ही विहिरीच्या पाण्यावर करा. तत्त्व एकच: लहान भांड्यात मोजायचं, मोठ्याला गुणायचं.

बादलीत मापून १० लिटर तुमच्याच विहिरीचं पाणी घ्या. संहत ॲसिड थेंब थेंब मोजत बसू नका, त्यात हात थरथरतो. आधी दहापट पातळ करा: ९०० मिलि पाणी जाड काचेच्या नव्हे, उष्णता सोसणाऱ्या भांड्यात, बोरोसिलसारख्या, त्यात १०० मिलि एचसीएल. थंड होऊ द्या. आता सुई नसलेल्या सिरिंजने हे पातळ ॲसिड पाच-पाच मिलि बादलीत घाला, ढवळा, पीएच पट्टी बुडवा.

सुरुवातीला बराच वेळ पट्टी फारशी हलणार नाही आणि बारीक बुडबुडे दिसतील. घाबरू नका, पाण्यातला बायकार्बोनेट ॲसिड खातोय, तो कार्बन डायऑक्साइड आहे. तो संपला की पीएच एकदम घसरतो. म्हणून साडेपाचला आलात की पुढे एक-एक मिलि. ४ ला थांबा. एकूण किती गेलं ते लिहा, दहाने भागा, ते झालं १० लिटरला लागणारं संहत ॲसिड.

मग प्लॉटला तासाला किती पाणी जातं ते काढा: वेली गुणिले ड्रिपर गुणिले ड्रिपरचा प्रवाह. हिशोब इथे टाका, मी तपासून देते.

दोन सूचना. ज्या टाकीत ॲसिड कालवणार त्यात आदल्या दिवशी कॅल्शियम नायट्रेट, फॉस्फरिक, सल्फेटवालं खत काहीही कालवलेलं असेल तर धुऊन घ्या. कॅल्शियम आणि फॉस्फेट-सल्फेट भेटले तर आत साका बसतो आणि ज्यासाठी ॲसिड सोडताय तेच वाढतं. आणि ब्लीचिंग व ॲसिड यांच्यात नुसती टाकी नाही, लाइनही भरपूर साध्या पाण्याने धुवायची.

ओझरकर

मी रात्रभर ॲसिड लाइनमध्ये ठेवतो, सकाळी आधी सबमेनचे (लॅटरलना पाणी देणाऱ्या जाड पाइपाचे) व्हॉल्व्ह आणि मग लॅटरलची टोकं उघडून फ्लश करतो. पांढरं, कधी तपकिरी पाणी येतं, स्वच्छ होईपर्यंत सोडायचं. टोकं उघडताना पण गॉगल घाला दादा, मी आजपर्यंत घालत नव्हतो.

मळ्यातला_निफाड

आज केलं. लिहितो.

सकाळी सहाला, ऊन व्हायच्या आत. मोटरच्या खोलीत नाही, बाहेर शेवग्याखाली, वारा पश्चिमेकडून होता. आधी २०० लिटरचा ड्रम भरला. मामी हातात पाण्याचा मग घेऊन शेजारी उभी राहिली, सांगूनही हटली नाही. मामांना बांधावर खुर्चीत बसवलं, डोळ्यावर पट्टी आहे अजून.

बादलीच्या पाण्याला पातळ ॲसिड ६० मिलि लागलं. लॅबवाल्या मॅडमनी सांगितलं तसंच झालं. पंचावन्नपर्यंत पट्टी सुस्त, मग पुढच्या पाच मिलित केशरी. म्हणजे १० लिटरला ६ मिलि संहत.

एकरात ९७० वेली, वेलीला २ ड्रिपर, ४ लिटरचे. तासाला सुमारे ७,८००, मी ८,००० धरले. म्हणजे तासाला ४.८ लिटर ॲसिड, पंधरा मिनिटांना १.२ लिटर. आमची व्हेंचुरी पंधरा मिनिटांत १५ लिटर ओढते. म्हणून नव्या ड्रममध्ये १३.८ लिटर पाणी आधी, आणि हातपंपाने १.२ लिटर ॲसिड वरून बारीक धारेने, ढवळत. बरोबर आहे ना मॅडम?

मामा बांधावरून म्हणाले, "मी तर पाच लिटर घालायचो रे."

दिंडोरी_वायनरी_लॅब

हिशोब बरोबर. पंधरा मिनिटांत ॲसिड शेवटच्या ड्रिपरला पोचतं का ते तिथे पट्टी धरून बघा. नाही पोचलं तर वेळ वाढवा, ॲसिड त्याच प्रमाणात. ड्रममधलं पाण्याचं प्रमाण जास्त घट्ट करून वेळ वाचवायला जाऊ नका.

मळ्यातला_निफाड

शेवटच्या ओळीला अठराव्या मिनिटाला पोचलं, पट्टी ४ वर. तीन मिनिटांचं वेगळं कालवलं.

निळ्या ड्रमवर "फक्त ॲसिड" आणि पांढऱ्यावर "फक्त ब्लीचिंग" असं ऑइलपेंटने लिहून घेतलं. जुनी बादली मामीने कोयत्याने फोडली.

सिडको_बॅटरी

कॅन कुठून आणलात? २०१३ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली आहेत. दुकानदाराने ओळखपत्र बघून रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, कारण लिहायचं असतं आणि १८ वर्षांखालच्याला द्यायचंच नाही. नोंद न करता देणाऱ्याकडून घेऊ नका. त्याच्या कॅनमध्ये काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

मळ्यातला_निफाड

दादा, नोंद झाली नव्हती. पुढचा कॅन बिलासकट आणि लेबल बघूनच.

मामांची पट्टी सोमवारी निघाली. उजव्या डोळ्याने लांबचं थोडं धूसर दिसतं, डॉक्टर म्हणाले आणखी महिनाभर थेंब घालायचे. काल संध्याकाळी ते स्वतः गॉगल लावून लॅटरलची टोकं उघडायला आले होते. सतराव्या ओळीतून भाताच्या पेजेसारखं पांढरं पाणी आलं, आणि मग ड्रिपर टपटप करायला लागले.

ओझरकर

दादा, गॉगल कुठून घेतला? आमच्या गावात सहा जणांना पाहिजेत.

मळ्यातला_निफाड

नाशिकला मेन रोडच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात मिळाले. बाजूने बंद असलेले मागा, आणि चष्म्यावरून बसतात का ते तिथेच घालून बघा.